निशाणी डावा अंगठा

सुरुवातीलाच सांगते, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचक आहे. आणि वाचक तरी कसली... जेवताना तुमचे अनुभव नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघांनी हसायचं. मी एमएस्सी, पर्यावरणशास्त्र. ॲक्टिव्हा अमावस्येला घरी आणली आणि लिंबू-मिरची बांधू दिली नाही, म्हणून सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. अजूनही माझा या गोष्टींवर विश्वास बसलाय असं नाही. कुणी घाबरायच्या आशेने वाचत असेल तर आत्ताच सांगते, यात रात्र नाही, पिंपळ नाही, पैंजणांचा आवाज नाही. जे झालं ते भर दुपारी, सरकारी पंख्याखाली झालं. मला भीती थोडी वाटली, लाज खूप वाटली. टोपणनावाने लिहितेय ते त्यासाठीच.

राहायला मी दापोडीत, रेल्वे लाइनच्या अलीकडच्या गल्लीत. नोकरी चाकण पट्ट्यातल्या एका स्थानिक कार्यालयाच्या पर्यावरण कक्षात – कुठल्या, ते कृपया विचारू नका. कंपन्यांना पर्यावरणाचा परवाना देताना अटी घातलेल्या असतात. सांडपाणी शुद्ध करून आतच वापरायचं, कुंपणाबाहेर थेंब सोडायचा नाही, वगैरे. त्या अटी पाळतात का ते बघायचं आणि कुणाची तक्रार आली की जागेवर जाऊन पंचनामा करायचा, हे माझं काम. पंचनामा म्हणजे दोन त्रयस्थ माणसांना, म्हणजे पंचांना, सोबत घेऊन पाहणी करायची, दिसेल ते लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं – 'वरील पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलंय. खरंच वाचून दाखवलं असेल ते दहा-बारा वेळा.

गोष्ट मागच्या वर्षीची, ऑक्टोबरच्या उन्हातली. चाकण चौकातून तळेगावच्या रस्त्याला लागलं की दुसऱ्या वजनकाट्यापासून डावीकडे एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या टोकाला गाड्यांच्या सुट्ट्या भागांना कोटिंग करणारी एक कंपनी आहे. कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा, आणि ओढ्यापलीकडे कडांची वस्ती. सात-आठ घरं, सगळी एकाच भावकीतली. तिथल्या हौसाबाई कड यांचा अर्ज आला होता. साठीच्या बाई, घरात त्या आणि एक म्हैस, एकुलती लेक राजगुरुनगरला दिलेली. कंपनी ओढ्यात पाणी सोडते, विहिरीला पिवळं पाणी आलंय, म्हैस त्याला तोंड लावत नाही आणि माझ्या हातांची सालं निघतात, असं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. मागणी एवढीच, की विहिरीचं पाणी तपासा आणि तोवर टँकर द्या.

आमच्याकडची पद्धत अशी, की ओढ्यात सांडपाणी दिसल्याचा पंचनामा असेल तरच विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तरच टँकरची शिफारस होते. म्हणजे हौसाबाईंचं सगळं पाणी माझ्या एका कागदावर होतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. नव्हतं माहीत असं म्हणायची सोय नाही.

मी कंपनीत पोचले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. तीन वाजता पिंपरीत मुलीच्या शाळेत पेरेंट्स मीटिंग, आणि मागच्या दोन मीटिंगा मी बुडवलेल्या. कंपनीतून ओढ्याकडे दार नव्हतं. वजनकाट्यापर्यंत मागे येऊन, गाडी तिथे लावून, बांधावरून अर्धा तास उन्हात चालत जावं लागणार होतं. सेफ्टी मॅनेजर फार अदबीचा माणूस. त्याने एसी केबिनमध्ये बसवलं, ताक मागवलं. मी ठरवलं, कागद आज उरकून टाकू, ओढा पुढच्या आठवड्यात येऊन बघू. बॅगेत त्याच कंपनीचा आदल्या वर्षीचा पंचनामा होता. तो समोर ठेवला आणि उतरवून काढला. 'पंचांसमक्ष ओढ्याच्या काठाने फिरून पाहणी केली असता पाणी रंगहीन आढळले. वास – निरंक. कंपनीतून विसर्ग – निरंक.' निरंक म्हणजे काहीच नाही. आमच्या खात्यात या शब्दावर अर्धं काम निघतं.

कुणी म्हणेल बाईने पैसे खाल्ले असतील. नाही हो. एक ग्लास ताक, ते पण अर्धं ठेवलं. खाल्ले असते तर निदान सांगायला कारण तरी असतं. माझं कारण ऊन आणि पेरेंट्स मीटिंग.

पहिला पंच म्हणून कंपनीच्या सिक्युरिटी सुपरवायझरने सही केली. दुसरा आणायचा कुठून? मॅनेजर झेरॉक्स काढायला बाहेर गेला होता, केबिनमध्ये मी एकटीच. वस्तीतलाच माणूस पंच असला की अहवाल भक्कम दिसतो, म्हणून आधी आडनाव लिहिलं – कड. मग पुढे जे सुचलं ते. महादू खंडू कड. वय चोपन्न – माझ्या ॲक्टिव्हाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे. धंदा शेती. सही केली असती तर अक्षर ओळखू आलं असतं. म्हणून पर्समधलं स्टँप पॅड काढलं, स्वतःचा डावा अंगठा शाईवर टेकवला आणि नावासमोर दाबला. बाजूला लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा'. पाच सेकंदांचं काम. मग वॉशरूममध्ये जाऊन हात धुतले, पण नखाच्या कडेला शाई राहिलीच. शाळेत मुलीने बरोबर बघितली. मम्मा, तू मत देऊन आलीस का, म्हणाली. मी हो म्हणून मोकळी झाले.

चार दिवसांत हौसाबाईंना उत्तर गेलं – तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सोबत पंचनाम्याची प्रत. पुढच्या आठवड्यात ओढा बघायला जायचं होतं ते मी गेले नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तीनेक आठवड्यांनी, एका सोमवारी, साडेतीनच्या सुमारास आमचा शिपाई शंकर टेबलापाशी आला. म्याडम, तुमचे एक पंच आलेत, भेटायचं म्हणतात. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या केसमधला असेल. आत पाठव म्हटलं. साधा माणूस आला. पांढरी टोपी, लेंगा, वर सदरा. उजव्या हातात कापडी पिशवी, डावा हात सदऱ्याच्या खिशात. समोर बसला आणि एका सुरात म्हणाला, "महादू खंडू कड. वय चोपन्न. धंदा शेती."

फॉर्मवर ज्या क्रमाने असतं त्याच क्रमाने. भुताचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मला वाटलं, आता माहिती अधिकारवाला. हौसाबाईंनी कुणाला तरी गाठलं, त्याने हे नाव खोटं असल्याचं शोधलं आणि हे सोंग माझ्यासमोर आणून बसवलं. आता व्हिडिओ काढणार आणि फिरवणार. मी चिडले, आणि घाबरले की मी जास्तच चिडते. काय काम आहे, कुणी पाठवलंय, असं जोरातच विचारलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली.

त्याचा आवाज काही चढला नाही. "मला वाचाया येत न्हाई म्याडम. तुमी वाचून दावणार व्हता. ऱ्हायलं ते."

काय करणार? सगळे बघत होते. फाइल काढली आणि वाचायला लागले, आम्ही वाचतो तसं, भराभर, शब्द गिळत. कंपनीचं नाव आलं, तो म्हणाला व्हय. चतुःसीमा आली – पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा – व्हय. मग आलं, 'पंचांसमक्ष ओढ्याच्या काठाने फिरून पाहणी केली असता.' व्हय आलं नाही. मी वर बघितलं. तो माझ्या चपलांकडे बघत होता.

"कोन फिरलं?" त्याने विचारलं.

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. मी पुढचं वाक्य वाचायला गेले, 'पाणी रंगहीन', आणि फाइल मिटली. सोपे दोन शब्द... पण समोर बसलेल्या माणसाला ते म्हणून दाखवणं मला जमेना. मग मी म्हटलं, काका, खरं सांगा, तुम्हाला बोलावलं कुणी?

"तुमीच की. नाव तुमीच घातलंत."

मी उठले आणि शंकरला शोधायला बाहेर गेले. दोन मिनिटांत आम्ही दोघं परत आलो तर खुर्ची रिकामी. टेबलावर पाण्याचा ग्लास, काठोकाठ भरलेला. शंकर म्हणाला, तुम्ही फाइल काढत होता तेव्हा पाणी मीच आणून दिलं त्यांना, तर विचारतात कसे, हे कुठलं पाणी? आणि तसंच ठेवलं. म्हणजे शंकरने त्याला बघितलं होतं, बोलला होता. व्हिजिटर रजिस्टरमध्ये नोंदही शंकरच्याच अक्षरात आहे. नाव महादू खंडू कड. कामाचं स्वरूप – वाचून घेणे. सहीचा रकाना कोरा. अंगठा द्या म्हटलं तर डावा हात खिशातून काढेनात म्याडम, असं शंकर सांगत होता.

दोन दिवस मी मतदार यादी चाळली. त्या गावात महादू खंडू कड नाही. शेजारच्या दोन गावांतही नाही. असणार कुठून? तो मी केलेला होता. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वस्तीवर गेले. पश्चात्तापाने गेले असं वाटत असेल तर तसं नाही. माझ्यामागे कोण लागलंय ते शोधायला गेले होते.

त्या दिवशी मात्र ओढ्यावरूनच जावं लागलं. पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं, कडेच्या दगडांवर साका धरला होता. भिंतीच्या तळाशी दोन दगडांमागे लपवलेला पाइप. शोधावाही लागला नाही. तिथे उभं राहिलं की तोंडात गंजाची चव येत होती. वास – निरंक, असं मी लिहिलं होतं.

हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला पोतं टाकलं, ताक दिलं. आमची म्हैस आता लेकीकडं हाय, हे शेजारनीचं ताक, म्हणाल्या. ग्लास पुढे करताना त्यांचे हात दिसले. बोटांची टोकं सोललेली, लाल. मी विचारायच्या आधीच त्या पंचनाम्यावर आल्या. कंपनी खोटं बोलणार, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. सरकार खोटं लिहिणार, त्याचंही फारसं नाही. त्यांना लागलं होतं ते दुसऱ्या पंचाचं आडनाव. आपल्याच ओढ्यावर उभा राहून पाणी साफ आहे म्हणणारा हा आपल्यातला कड कोण? वस्तीत महादू कुणी नाही. म्हणजे कुणीतरी नाव बदलून अंगठा दिला. मग त्यांनी घरोघर विचारलं. धाकटा दीर रामभाऊ आणि त्याचा मुलगा कंपनीला पाण्याच्या बाटल्या पुरवतात, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. शब्दाला शब्द लागला. तीस वर्षं शेजारी शेजारी राहिलेली दोन घरं, ओट्याला ओटा लागून, आता बोलत नाहीत. लेकीच्या बाळाच्या बारशाला रामभाऊकडचं एक माणूस गेलं नाही.

मी ताकाचा ग्लास धरून ऐकत होते. इतकंच बोलायचं होतं, की मावशी, असा माणूसच नाही. त्याऐवजी मी ताकाचा घोट घेतला.

मग त्या म्हणाल्या, "महादू येऊन गेला की परवा."

मी म्हटलं, कोण महादू?

"तुमच्या कागदातला. हितंच बसला, तुमी बसलाय तितं. म्हनला, वयनी, माज्यावर राग धरू नगा, मला कुनी वाचून दावलंच न्हाई. मी म्हनलं, मंग अंगठा कशापायी दिलास? तर त्यानं खिशातनं हात काढून दावला." त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला आणि अंगठा तळव्यात मुडपून धरला. "अंगठाच न्हाई, पोरी. मुळापास्नं न्हाई. म्हनला, नसलेला अंगठा मी देऊ कसा?"

असे हात आमच्या पट्ट्यात रोज दिसतात. प्रेस मशिनवर काम करणाऱ्यांची बोटं जातात, अंगठे जातात. त्यात नवल नाही. पण तो खिशातला हात मी बघितला होता.

"मी इचारलं, मंग ह्यो अंगठा कुनाचा? म्हनला, म्याडम येतील, त्यास्नीच इचारा." मग हौसाबाई माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "कुनाचा हाय गं?"

माझा डावा हात कधी ओढणीखाली गेला होता मला कळलंही नव्हतं. शाई जाऊन महिना होत आला होता, तरी लपवला होता. मी म्हटलं, माझा.

त्या ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "पान्याचं नंतर बघ. आदी जाऊन माझ्या दिराला सांग, की त्यानं अंगठा दिला न्हाई."

रामभाऊंचा ओटा दहा पावलांवर. ते समोरच बसले होते. मी गेले, नमस्कार केला... आणि काय सांगू तुम्हाला, नोकरी, पगार, मुलीची शाळा सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, काका, त्या पंचनाम्यात नाव चुकून पडलंय, टायपिंग मिस्टेक झाली, असा कुणी पंच नव्हता.

रामभाऊ आत गेले आणि पंचनाम्याची प्रत घेऊन आले. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "म्याडम, ह्ये तर हातानं लिवलंय."

माझंच अक्षर. मागे हौसाबाई उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. मी काहीतरी पुटपुटले, चौकशी करते असलं काही, आणि तशीच बांध ओलांडून गाडीपर्यंत आले. हेल्मेट घालून वजनकाट्यापाशी रडत बसले. ट्रकवाले बघून जात होते.

दुसऱ्या दिवशी मी नवा पंचनामा केला. ओढा पूर्ण फिरले, पाइपचे फोटो काढले, नमुने घेतले. पलीकडच्या गावातले दोन खरे पंच सोबत घेतले आणि शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवला. नमुने नापास झाले, कंपनीला नोटीस गेली, पाइप निघाला. वस्तीवर आठवड्यातून दोनदा टँकर जातो. विहीर अजून पिवळीच आहे, ती कधी निवळेल कुणी सांगू शकत नाही. पण वरिष्ठांना मी लिहून काय दिलं? 'मागील पाहणीवेळी विसर्ग आढळून आला नव्हता.' जुना पंचनामा फाइलला तसाच आहे, महादूच्या नावासकट. आणि हौसाबाई आणि रामभाऊ अजून बोलत नाहीत. माझ्यानंतर त्या बाईने स्वतः जाऊन सांगितलं असेलही, पण तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? सरकारी म्याडम येऊन टायपिंग मिस्टेक सांगून गेली होती ना.

मी खूप विचार केला. केबिनमध्ये कॅमेरा असेल, कुणी मला अंगठा दाबताना बघितलं असेल, असंही धरून बघितलं. पण कंपनी स्वतःच्याच फायद्याचा कागद का मोडेल? वस्तीवर नंतर चौकशी केली तर हौसाबाईंकडे त्या दिवशी कुणी आलेलं रामभाऊंकडच्या एकाही माणसाने बघितलं नव्हतं, आणि ते ओट्यावरून हलत नाहीत. शंकर मात्र शपथेवर सांगतो की त्याने पाणी दिलं. तुमच्यापैकी कुणाला याचं उत्तर सुचलं तर जरूर सांगा, पण ते कळल्याने माझं काही हलकं होईल असं वाटत नाही.

हे सगळं मी वहीत लिहून काढलंय आणि त्यावरून इथे उतरवतेय. येत्या रविवारी ती वही घेऊन रामभाऊंच्या ओट्यावर जाणार आहे. हौसाबाईंनाही तिथेच बोलावणार. नुसतं बोलायला गेले तर ऐन वेळी माझ्या तोंडून पुन्हा टायपिंग मिस्टेक निघेल, मला मी माहीत आहे. म्हणून समोर धरून वाचणार, न गिळता. पंच म्हणून यात कुणाचंही नाव घातलेलं नाही. वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो बरोबर आहे.

अंगठा माझा आहे.